खरखर एकाची, नाव दुसऱ्याचं

मेहकर तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे: अंधार पडला की रेडिओवर सेकंदाला एक अशी टक् टक् सुरू होते. शेजारच्या मुलाने गच्चीवर हॅम रेडिओची तार ताणली आहे. हा उद्योग त्याचाच ना? तक्रार कुठे करू?

तक्रार जरूर करा, पण आधी शेताकडे एक चक्कर मारून या. सेकंदाला एक टक्, तीही रात्री, म्हणजे बहुधा झटका मशीन. रोही आणि रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून बॅटरीवरचं हे यंत्र कुंपणाच्या तारेत काही हजार व्होल्टचा क्षणभराचा झटका सोडतं. (लाइनची वीज थेट कुंपणात सोडणं ही निराळी गोष्ट, तो जीवघेणा गुन्हा आहे.) तारेला गवत टेकलं किंवा इन्सुलेटर तडकला, की तिथे बारीक ठिणगी उडते. आणि ठिणगी हा तर रेडिओचा मूळपुरुष! हर्ट्झने 1887 साली लहरी काढल्या त्या ठिणगीतूनच. 1895 मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी अशाच लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवली, दारू उडवली. मार्कोनीचे गोडवे गाताना हे हमखास गाळलं जातं.

ठिणगीची खोड अशी, की ती आपल्या पट्ट्यात राहत नाही, सगळीकडे पसरते. सुरुवातीचे रेडिओही ठिणगीवरच चालत, म्हणून सगळेच एकमेकांत घुसत. 1912 साली टायटॅनिक बुडालं तेव्हा अमेरिकेत बातमी उठली की जहाज ओढून हॅलिफॅक्सला नेत आहेत. या घोळाचं खापर फुटलं हौशी, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांवर. त्याच वर्षी कायदा आला: परवाना घ्या आणि 200 मीटरच्या खालच्या लहरींवरच राहा. लांबच्या संदेशांना त्या लहरी निकामी, असं तेव्हाच्या जाणकारांचं मत होतं. 1923 च्या नोव्हेंबरात हौशींनी सुमारे 100 मीटरवर अमेरिका ते फ्रान्स दुतर्फा संवाद साधून दाखवला. पडीक म्हणून दिलेलं रान बागायती निघालं! पुढे सगळं जग शॉर्टवेव्हवर धावलं.

आपल्याकडे हौशी सेवेचे नियम 1978 चे. वय किमान 12, तंत्र आणि नियम यांची परीक्षा, वरच्या श्रेणीला मोर्सही. परवाना देतो तो दिल्लीचा डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन) विभाग. मिळालेलं कॉल साइन बोलताना सांगायचं, नोंदवही ठेवायची, दुसऱ्या सेवेला अडथळा होऊ द्यायचा नाही. म्हणजे गच्चीवरचा मुलगा कागदोपत्री सापडतो, म्हणून संशयही त्याच्यावरच. झटका मशीन, सौर पंपाचा कंट्रोलर, स्वस्तातला एलईडी दिवा यांना ना परीक्षा, ना कॉल साइन. परवान्याचा सगळा काटेकोरपणा मुद्दाम लहरी सोडणाऱ्यासाठी; नकळत सोडणारे मोकाट. मला हे उलटं वाटतं.

उगम शोधणं मात्र फार मजेचं काम आहे. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज थांबला तर चोर घरातच. नाही थांबला तर रेडिओ आडवा धरून हळूहळू फिरवा. आतल्या फेराइट दांड्याचं टोक उगमाच्या रोखाने आलं की आवाज सगळ्यात मंद होतो. दोन जागांवरून असा रोख धरा. दोन्ही रेषा मिळतील तिथे जा.

आवाजाची जातही ओळखा. सतत घरघर असेल तर विजेच्या खांबावरची ढिली जोडणी. फक्त उन्हाच्या वेळी त्रास होत असेल तर सौर पंप तपासा. माणसाचं बोलणंच ऐकू आलं तर मात्र त्या मुलाशी बोला. ट्रान्समीटरला फिल्टर लावणं त्याचं काम. अर्थात तुमच्या स्पीकरची लांबलचक वायरही अँटेना बनलेली असू शकते. आणि हा त्रास तुम्हालाच नाही: पुणे जिल्ह्यात खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. आकाशगंगा ऐकणाऱ्या त्या शास्त्रज्ञांनाही विजेच्या तारांवरच्या ठिणग्या छळतात.

आता तक्रारीचं. खांबावरच्या ठिणगीसाठी महावितरण. परवानाधारक सेवांमधल्या अडथळ्यांचा माग काढणारं केंद्राचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन नागपुरात आहे. झटका मशीन निघालं तर दिल्ली-नागपूर काहीच नको: तारेखालचं गवत काढा, तडकलेले इन्सुलेटर बदला. टक् टक् थांबेल आणि गवतातून गळणारी वीज वाचल्याने रोह्याला झटकाही नीट बसेल.