टीम बदलली, आता अपग्रेड कुणाकडून?

लिनक्सची ओळख : लेखांक ११

गेल्या आठवड्यात आपण डेबियनच्या एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर कसं जायचं ते पाहिलं. पुढची आवृत्ती काढायला कुणीतरी आहे, हे तेव्हा आपण गृहीत धरलं होतं. हौशी मंडळी चालवतात त्या डिस्ट्रोंमध्ये ते दर वेळी खरं नसतं.

क्रंचबँग घ्या. ब्रिटनमधल्या फिलिप न्यूबरो यांनी उभी केलेली ही डिस्ट्रो. खाली डेबियन, वर ओपनबॉक्स, काळा-करडा पडदा आणि त्यावरच शॉर्टकटची यादी. कमी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर ती छान पळायची आणि लोकांचा तिच्यावर जीव होता. ६ फेब्रुवारी २०१५ला न्यूबरो यांनी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. वापरणाऱ्यांना आता साधं डेबियनच जास्त फायद्याचं ठरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. एखादा प्रकल्प मुकाट्याने मागे पडत जाण्यापेक्षा असं उघड सांगून थांबणं मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे लोकांना तयारीला वेळ मिळतो.

आणि इथे वेळ होता. शेवटची आवृत्ती ‘वॉल्डॉर्फ’ डेबियन ७वर बेतलेली होती आणि तिची बहुतेक पॅकेजेस थेट डेबियनच्या सर्व्हरवरून येत. त्यांचे सुरक्षा-अपडेट डेबियनची माणसं देत होती. न्यूबरो थांबले म्हणून ते थांबले नाहीत. क्रंचबँगचा स्वतःचा थर पातळ होता : थीम, मेनू, काही स्क्रिप्ट. म्हणून टीम बदलल्याची बातमी आली की आधी पाहायचं ते हेच, आपल्या यंत्रावरचं किती सामान नेमकं कुठून येतं. एपीटीच्या फोल्डरमधली ‘सोर्सेस.लिस्ट’ उघडली की रेपॉझिटरींचे पत्ते ओळीने दिसतात.

क्रंचबँग वापरणाऱ्यांपैकीच काही जण पुढे आले आणि ‘बन्सनलॅब्ज’ सुरू झालं. त्यांची पहिली आवृत्ती ‘हायड्रोजन’, डेबियन ८वरची. पुढे हीलियम, लिथियम, बेरिलियम, बोरॉन अशी दर वेळी डेबियनची पुढची आवृत्ती.

मग यादीतली जुनी नावं खोडून नवी लिहिली की झालं? तसं करण्याचा मोह होतो, पण त्यात तीन अडचणी आहेत. डेबियन ८मध्ये यंत्र सुरू करणारी यंत्रणाच बदलली, सिसव्ही-इनिटच्या जागी सिस्टमडी आलं. शिवाय क्रंचबँगमध्ये स्वतःच्या रेपॉझिटरीला झुकतं माप देणारी ‘प्रेफरन्सेस’ फाइल होती. अशा फाइलमधला प्राधान्याचा आकडा १०००च्या वर असला, तर एपीटी नवं पॅकेज काढून जुनंसुद्धा बसवतं. बंद पडलेल्या रेपॉझिटरीच्या नावे असा नियम मागे राहिला, तर अपग्रेड अर्ध्यावर अडकू शकतं.

तिसरी अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते : सहीची. एपीटी रेपॉझिटरीवरची डिजिटल सही तपासतं आणि त्यासाठी त्या टीमची सार्वजनिक की आपल्या यंत्रावर असावी लागते. नव्या टीमची की नवी. ती बसवणं म्हणजे या माणसांचं कुठलंही पॅकेज माझ्या यंत्रावर रूटच्या अधिकाराने बसू दे, अशी परवानगी देणं. जुन्या टीमवरचा विश्वास नव्या टीमकडे आपोआप जात नाही, जाऊही नये. ही माणसं कोण, आधी काय करत होती, त्यांचा सोर्स कोड उघडा आहे का, हे बघायला एक संध्याकाळ द्यावी. बन्सनलॅब्जच्या बाबतीत उत्तरं समाधानकारक होती, कारण ती जुनीच, ओळखीची मंडळी होती.

म्हणून अशा वेळी बॅकअप घेऊन कोरं इन्स्टॉलेशन करावं. मात्र होम फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंग-फाइली जशाच्या तशा परत टाकू नका. क्रंचबँगच्या स्क्रिप्टांची नावं ‘सीबी’ने सुरू होत, बन्सनलॅब्जची ‘बीएल’ने. जुना मेनू आणलात, तर यंत्र बंद करण्याचा पर्याय पडद्यावर दिसेल, दाबल्यावर मात्र काहीच होणार नाही. कागदपत्रं, फोटो आणि ब्राउझरचं प्रोफाइल आणा, मेनू नव्याने लावा.

सोलस या डिस्ट्रोची गोष्ट वेगळी. ती कुणावरही बेतलेली नाही, तिची सगळी पॅकेजेस तिचीच टीम बांधते. २०१८मध्ये तिचे संस्थापक बाजूला झाले आणि उरलेल्यांना नव्या पत्त्यावर संसार मांडावा लागला. जानेवारी २०२३मध्ये सर्व्हर बंद पडले, तेव्हा अपडेट द्यायला खाली डेबियनसारखं कुणी नव्हतं. एप्रिलमध्ये टीमची नवी बांधणी झाली आणि जुलैमध्ये ४.४ आवृत्ती आली. मधल्या महिन्यांत ब्राउझरसारखं रोज जगाला तोंड देणारं पॅकेजही जुनंच राहिलं. अशा डिस्ट्रोवर असाल, तर बँकेचे व्यवहार तेवढ्या काळापुरते दुसऱ्या यंत्रावर करा.

या आठवड्यात आपापली ‘सोर्सेस.लिस्ट’ उघडून मूळ डिस्ट्रोबाहेरच्या ओळी टिपून ठेवा. त्या प्रत्येकीची की कशी तपासायची, ते पुढच्या लेखात.