काळ्या पडद्याआड

शनिवारी रात्री घरच्या संगणकावरची लिनक्स प्रणाली अद्ययावत केली आणि निर्धास्त झोपलो. रविवारी सकाळी बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा मात्र काळाच! आई मागे येऊन उभी राहिली. ‘‘बाबांचे फोटो गेले का रे?’’ एवढेच तिने विचारले. त्या फोटोंची दुसरी प्रत मी काढली नव्हती.

फोटो कुठेही गेले नव्हते. हरवला होता तो पडद्याला चित्र पुरवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहायला घेतला. आज जगभरचे लोक तो सतत सुधारत असतात. त्याच्या आतले ड्रायव्हर सुधारणा करणारेच दुरुस्त करतात. बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरचे तसे नाही. प्रत्येक नव्या कर्नेलच्या मापाने तो पुन्हा शिवावा लागतो. डीकेएमएस हा त्यासाठीचा शिंपी. डेल कंपनीच्या अभियंत्यांनी तो २००३ मध्ये तयार केला.

हा शिंपी मुख्यतः दोन कारणांनी अडतो. मापाची वही, म्हणजे नव्या कर्नेलच्या ‘हेडर’ फायली, घरात नसतात. किंवा कापडाचा बेतच जुना असतो. २०२० मधल्या ५.८ आवृत्तीत स्मृती मागणाऱ्या एका फंक्शनला द्यायच्या तीन गोष्टींपैकी एक काढून टाकली गेली. तीन पाठवणारे जुने ड्रायव्हर तिथेच अडले.

नवे कर्नेल आले तरी जुने सहसा लगेच पुसले जात नाही. संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून मी मागचे कर्नेल निवडले, आणि पडदा उजळला! मग डीकेएमएसची ‘मेक.लॉग’ ही नोंदवही उघडली. आपण सवयीने शेवटची ओळ वाचतो. ती फक्त ‘जमले नाही’ एवढेच सांगते. खरे कारण पहिल्या चुकीपाशी असते. माझ्या हेडर फायली जागेवर होत्या, ड्रायव्हर मात्र जुना होता. नव्या कर्नेलला चालणारी त्याची पुढची आवृत्ती घातली, तो बिनतक्रार शिवला गेला आणि नवे कर्नेलही सुरळीत सुरू झाले.

खरे सांगायचे तर आदल्या रात्री पडद्यावर तशी सूचना येऊन गेली होती. झोपेच्या घाईत मी ती न वाचताच पुसली होती.

दुपारी आईला बाबांचा गणपतीसमोरचा फोटो उघडून दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. संध्याकाळी बाजारात जाऊन मी वेगळी हार्ड डिस्क आणली आणि सगळे फोटो तिच्यावर उतरवले. ती आता आईच्या कपाटात, तिच्या साड्यांखाली असते.