घरची कोंबडी : खुडूक आणि मानमोडी

आम्ही बँकेत नोकरी करतो. कर्जाच्या अर्जात गाय, म्हैस, शेळी यांची माहिती लोक देतात. दारातल्या पाच-सहा कोंबड्या कोणी सांगत नाही. वास्तविक जळगाव-धुळे भागातील अल्पभूधारक व शेतमजूर घरांत मुलांच्या वह्या, एस.टी.चे तिकीट असा खर्च पुष्कळदा याच कोंबड्यांतून निघतो, आणि हा व्यवहार बहुधा घरातील बाईच्या हाती असतो.

तिचे ज्ञान साधे नाही. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी देणे थांबवून बसून राहू लागली, की टोपलीत राख व वर गवत घालून दहा-बारा ताजी अंडी तिच्याखाली ठेवतात. राखेमुळे अंगावरील किडे कमी होतात. अंडी धुवायची नसतात. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक थर जातो व बारीक छिद्रांतून जंतू आत शिरतात. आठवड्याने अंडे दिव्यासमोर धरले असता आत तांबड्या शिरांचे जाळे दिसते. न दिसल्यास ते अंडे काढून टाकतात. २१व्या दिवशी पिले निघतात. उबवणी यंत्रातही हीच तपासणी आणि हेच २१ दिवस! जी खुडूक बसवायची नसेल तिला पाण्यात बुचकळतात. शिकलेले लोक यास हसतात. परंतु पोटाकडील भाग थंड झाला की खुडूकपणा लवकर मोडतो, हे खरे आहे.

मानमोडीपुढे मात्र हे ज्ञान थिटे पडते. धाप, हिरवट हगवण, वाकडी मान ही लक्षणे बायकांना पाठ असतात. पण रोग विषाणूचा असल्याने लागल्यावर औषध नाही. साथ आली की उरलेल्या कोंबड्या घाईने आठवडे बाजारात विकतात आणि रोग पुढच्या गावी जातो, हे स्पष्ट बोललेच पाहिजे. शिवाय बर्ड फ्लूची लक्षणेही पुष्कळशी अशीच. तो फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत घरगुती कोंबड्यांत आढळला. म्हणून एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

मानमोडीवर लस आहे. पिलू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि ते सुमारे ८ आठवड्यांचे झाल्यावर आर टू बी लस टोचून. अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी साधारणतः १०० किंवा अधिक कोंबड्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते. पाच-सहा कोंबड्यांच्या घराने ती आणायची कशी? त्याकरिता गल्लीतील सर्व बायकांनी मिळून एकच दिवस ठरवावा. वेळही त्यांनाच विचारावी; त्या पहाटेची सांगतील, खुराडी उघडण्यापूर्वीची.