पितळेचा रेझर, जस्ताचा जमाना

दाढीच्या साधनावर अग्रलेखाची जागा खर्ची घालावी काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. जगात एवढ्या मोठ्या उलथापालथी चालू असता संपादकांना श्मश्रूची चिंता पडावी, याचे कोणाला हसूही येईल. परंतु जी वस्तू रोज सकाळी कोट्यवधी हातांत असते, ती पूर्वीइतकी टिकेनाशी झाली असेल आणि तरीही त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नसेल, तर त्या मौनाचीच दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

निमित्त झाले ते चिंताकीहून आलेल्या एका पत्राचे. चिंताकी हे बिदर जिल्ह्यातील औराद तालुक्याचे गाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात आले. नारायणखेड व जहीराबाद आंध्रात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूरच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या वाट्यास आले. त्या मुलखात आजही मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा कानी पडतात. पत्रलेखक काही वर्षे म्हापशात नोकरी करून गावी परतलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत घेतलेला सेफ्टी रेझर अजून शाबूत आहे, आणि त्यांनी स्वतः चार वर्षांत घेतलेल्या तीन रेझरांपैकी दोन मानेपाशी मोडले. तिसऱ्याचा मुलामा पोपडे धरून सुटला आहे. त्यांची तक्रार कोणा एका कंपनीविरुद्ध नाही. त्यांचा प्रश्न साधा आहे: ‘हल्ली हे लोक कोणता धातू वापरतात?’

उत्तरही साधेच आहे. जुने रेझर प्रायः पितळेचे असत. पितळेच्या कांबीवर आटे पाडीत, दांडा पितळेचाच, आणि वर निकेलचा मुलामा. हल्लीच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या रेझरांचे डोके बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असते. त्याला व्यापारात ‘झामक’ म्हणतात. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनिअम आणि थोडे तांबे व मॅग्नेशिअम घालून तो होतो. तो कमी उष्णतेत वितळतो, पोलादी साच्यात दाबाने झरझर ओतता येतो, आणि साच्यातून निघालेल्या नगावर फारसे हातकाम करावे लागत नाही. कारखानदाराच्या दृष्टीने तो वरदान होय. दोष एवढाच, की टोपीच्या पोटातून निघणारा आट्यांचा खिळाही त्याच ओतकामातला असतो आणि त्याला ताण सोसत नाही. ब्लेड घट्ट बसावे म्हणून कोणी जरा जोराने दांडा पिळला, अथवा ओल्या हातातून रेझर फरशीवर पडला, की खिळा तुटून दांड्यात अडकून बसतो. पितळेचा खिळा असता तर तो फार तर वाकला असता, आणि वाकलेला सरळ करता येतो.

दुसरे दुखणे मुलाम्याचे. जस्तावर तांबे, निकेल आणि क्रोम यांचे थर देऊन त्यास चकाकी आणतात. हा थर कोठे टोचला गेला, की त्या सुईएवढ्या छिद्रातून पाणी आत शिरते, खालचे जस्त खाल्ले जाऊन पांढरी भुकटी धरते आणि वरचे क्रोम फोडासारखे उचलले जाते. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना याचे अधिक वर्णन सांगणे नको. येथल्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी गज जेथे पावसाळ्यागणिक सोलतात, तेथे न्हाणीघरातील रेझराची काय कथा!

परंतु येथे जस्तावर सरसकट आरोप ठेवून मोकळे होण्यात न्याय नाही, आणि हे बिदरकरांना तर सांगावयासच नको. बिदरचे नाव ज्या कलेने जगात नेले ती बिदरी कारागिरी मुळात जस्ताचीच. जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात भांडे ओततात, टाकीने नक्षी खोदून तीत चांदीची तार ठोकून बसवितात, आणि शेवटी किल्ल्यातील मातीचा नवसागरासह लेप देऊन जस्त काळेभोर करतात. चांदी मात्र तशीच लखलखत राहते. बहमनी काळापासून चालत आलेली ही कला. तिला २००६ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणीही मिळाली. शेकडो वर्षांचे बिदरी हुक्के आणि सुरया वस्तुसंग्रहालयांत धडधाकट आहेत. अर्थात तुलना ताणू नये. फडताळात विराजमान होणाऱ्या सुरईस रोज साबणाच्या पाण्यात भिजावे लागत नाही की तिच्या मानेला कोणी पीळ देत नाही. सांगावयाचे एवढेच, की धातू तोच असला तरी त्याची जाडी, त्याचे काम आणि घडविणाऱ्याचा हेतू यांवर त्याचे आयुष्य ठरते. झामकच्या शुद्धतेचा प्रश्नही जगाने केव्हाच सोडविला आहे. ओतीव जस्तात शिसे वा कथील यांचा अंश राहिला तर ते आतून ठिसूळ होऊन भेगाळते, हे १९२० च्या दशकात उमगले, आणि ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून हे मिश्रधातू तेव्हाच सुधारण्यात आले. तेव्हा आज एखादा रेझर वर्षभरात मोडत असेल, तर ते अज्ञान नव्हे. तो हिशेब आहे.

या हिशेबाचा मूळपुरुष म्हणून किंग कॅम्प जिलेट यांच्याकडे बोट दाखविण्याची रीत आहे. बाटलीच्या पत्री बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटर यांनी त्यांना सल्ला दिला होता म्हणे, की लोक वापरून फेकून देतील आणि पुन्हा विकत घेतील असे काही काढ. १९०१ मध्ये बोस्टन येथे त्यांनी कंपनी स्थापिली. १९०३ साली विक्रीस आरंभ झाला तेव्हा वर्षभरात अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. गंमत अशी, की हाच गृहस्थ १८९४ साली पुस्तक लिहून स्पर्धेचा उच्छेद व्हावा आणि उत्पादन समाजाच्या हाती जावे असे सांगत होता! परंतु जिलेट यांच्यावर अन्याय नको. त्यांच्या योजनेत फेकावयाचे होते ते फक्त ब्लेड. रेझराची किंमत पाच डॉलर होती. त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीचा तो मोठा हिस्सा. एवढी किंमत मोजून घेतलेली वस्तू टिकलीच पाहिजे, असे देणारा आणि घेणारा दोघेही मानीत. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला दिलेले सुमारे पस्तीस लाख रेझर सैनिकांनी घरी नेले आणि पुढे वापरले. १९२१ साली मूळ एकस्वाची मुदत संपली, स्वस्त नकला बाजारात आल्या, आणि तेव्हा कोठे रेझर स्वस्तात देऊन ब्लेडांवर पैसा काढण्याचा क्रम रूढ झाला. त्यानंतरही कित्येक दशके दांडा पितळेचाच राहिला. १९७० च्या दशकात आधी जोडपात्यांचे कार्ट्रिज आणि मग संपूर्ण फेकावयाचा प्लॅस्टिकचा रेझर निघाला. फेकण्याची मर्यादा ब्लेडावरून दांड्यावर आली ती येथे.

ब्लेडाच्या बाबतीत मात्र कालचक्र उलटे फिरलेले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. साध्या कर्बी पोलादाचे ब्लेड रात्री पुसून ठेवले नाही तर सकाळपर्यंत तांबूस होई. काचेच्या पेल्यात आतून घासून त्यास धार लावण्याची खटपट कित्येकांनी पाहिली असेल. पुढे ते ब्लेड शाळकरी पोरांच्या पेन्सिली तासण्यास आणि शिंप्याच्या उसवणीस जाई. १९६० च्या दशकात स्टेनलेस ब्लेडे आली आणि सारे चित्र पालटले. आपल्या देशात मल्होत्रा घराण्याच्या कारखान्यांनी, त्यांत ठाण्याची विद्युत मेटॅलिक्सही आली, ही ब्लेडे खेड्यापाड्यांत पोहोचविली. आजचे एक ब्लेड काही रुपयांत मिळते आणि जुन्यापेक्षा सरस चालते. म्हणजे ज्या वस्तूने संपावे ती सुधारली, आणि ज्या वस्तूने टिकावे ती बिघडली.

यात गमावले काय, तर पंचवीस-पन्नास रुपये, असे कोणी म्हणेल. आमचा आक्षेप त्याहून खोल आहे. जुन्या गावगाड्यात वस्तरा ही न्हाव्याच्या धोकटीतील वस्तू होती. बलुत्याच्या धान्यावर तो गावाची हजामत करी. ज्या बिदरच्या राजाच्या पदरी संत सेना महाराज होते असे एक परंपरा मानते (दुसरी परंपरा त्यांना बांधवगडला नेते), त्या मुलखात या व्यवसायाला संतपदाची प्रभा लाभली आहे. परंतु त्याच गावगाड्यात अस्पृश्य मानलेल्यांच्या हनुवटीस न्हाव्याचा हात लागत नसे, ही लाजिरवाणी गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९४८ साली घटना समितीत ‘दुकान’ या शब्दाची चर्चा निघाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो व्यापक अर्थाने घेतला आहे, आपली सेवा देऊ करणारा प्रत्येक जण त्यात येतो, असा खुलासा केला होता. कायदा झाला, तरी कर्नाटकातील काही खेड्यांतून केशकर्तनालयाचे दार दलितांना बंद असल्याच्या बातम्या चालू शतकातही छापाव्या लागल्या आहेत. अशा समाजात स्वतःच्या हाताने, कोणाची मिनतवारी न करता दाढी करता येणे ही केवळ सोय नव्हती. ट्रंकेत जपून ठेवलेला पितळेचा रेझर बापाकडून मुलाकडे येई, तो याच अर्थाने घराची मिळकत होता. तोच रेझर आता दर वर्षी विकत घ्यावयाचा खर्च झाला आहे. मिळकतीचा खर्च होणे हा गरिबाच्या संसारातला फार मोठा फरक आहे. श्रीमंतास तो जाणवतही नाही.

श्रीमंताची सोय बाजाराने केलेलीच आहे. भरीव स्टेनलेस पोलादातून यंत्रावर कातलेले रेझर आज परदेशात आणि आपल्याकडेही मिळतात, आणि ते कित्येक पिढ्या चालतील यात शंका नाही. मात्र त्यांच्या किमती हजारांच्या घरात आहेत. टिकाऊपणा जगातून नाहीसा झालेला नाही. पूर्वी तो सामान्य मालाचा गुण होता, आता तो शौकिनांची चीज झाला आहे.

चिंताकीच्या गृहस्थांनी वडिलांचाच रेझर वापरावा, हे आमचे निःसंकोच सांगणे. त्याचा मुलामा गेला तरी बिघडत नाही. डिचोलीच्या कांसाराला किंवा उदगीरच्या तांबटाला विचारले तर तोही सांगेल, की पितळ उघडे पडल्याने मरत नाही. नवा घेणे भागच पडले तर दांड्याच्या पोकळीत आत किंचित खरवडून पाहावे. पिवळी झाक दिसली तर पितळ, करडी दिसली तर बहुधा जस्त. लोहचुंबकाचा उपयोग नाही; दोन्ही धातू त्यास दाद देत नाहीत. दांडा बोटांनी बसेल इतकाच घट्ट करावा आणि वापरानंतर रेझर सुटा करून कोरडा ठेवावा.

पण ग्राहकाने दुकानात उभे राहून वस्तू खरवडीत बसावे, हे काही सुव्यवस्थेचे लक्षण नव्हे. दुकानदार तसे करूही देणार नाही. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, मालाचे नाव, नग, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापावी लागते. आतला माल कोणत्या धातूचा आहे, हे सांगण्याचे बंधन नाही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे हाती घेतली. ती मोठी आहेत, त्यांना अग्रक्रम मिळाला हे योग्यच झाले. रेझर, कुलूप, नळाची तोटी, स्टोव्हचा पंप असल्या किरकोळ धातूमालाला दुरुस्तीचा हक्क मागण्याचीही गरज नाही. त्यांच्या वेष्टनावर ‘पितळ’, ‘ओतीव जस्त’ किंवा ‘पोलाद’ एवढा एक शब्द, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत, छापण्याची सक्ती करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नियमांत एका ओळीची भर पुरेशी आहे, आणि ती घालण्याचा अधिकार ग्राहक व्यवहार खात्याकडे आजच आहे.