दहा वर्षांचा व्हिसा आणि काउंटरवरचा निर्णय

"दहा वर्षांचा व्हिसा आहे आमच्याकडे, आता कोण अडवणार?" मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या घरांत हे वाक्य या ना त्या रूपात कानावर पडतेच. ज्येष्ठ नागरिक संघात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आणि ज्यांना नीट माहीत असायला हवे त्या व्हिसा एजंटांच्या तोंडीही. अलीकडे अमेरिकेच्या विमानतळांवरची तपासणी कडक झाली आहे. कुणाला तीन तास बसवून ठेवले, कुणाला पुढच्याच विमानाने परत पाठवले, अशी बातमी आली की हीच मंडळी हबकतात: "व्हिसा असताना परत पाठवलं?" हो, व्हिसा असताना. आणि हे आज सुरू झालेले नाही.

व्हिसा देते वकिलात आणि ती येते परराष्ट्र खात्याखाली. विमानतळाच्या काउंटरवर बसलेला अधिकारी असतो सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाचा, म्हणजे सीबीपीचा, आणि तो विभाग येतो गृहसुरक्षा खात्याखाली. वकिलातीने व्हिसा दिला याचा अर्थ एवढाच, की तुम्ही विमानात बसून अमेरिकेच्या दारापर्यंत जाऊ शकता आणि तिथे प्रवेश मागू शकता. प्रवेश द्यायचा की नाही आणि किती दिवसांचा, हे दारातला अधिकारी ठरवतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी १९५२च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २२१(एच) पाहावे. व्हिसा मिळाला म्हणून प्रवेशाचा हक्क मिळत नाही, असे त्यात सरळ म्हटले आहे. युरोपही वेगळा नाही. शेंगेन व्हिसाच्या २००९च्या संहितेत कलम ३० आहे, तेही हेच सांगते: नुसता व्हिसा हाती असल्याने प्रवेश आपोआप मिळत नाही.

मुंबईच्या वकिलातीत ज्यांचा व्हिसा नाकारला गेला त्यांना '२१४(बी)' हा आकडा चांगला ठाऊक असतो. प्रवासी कायमचा राहायलाच आला आहे असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी प्रवाशावर टाकतो, ते हे कलम. लोकांना वाटते की मुलाखत पार पडली, म्हणजे २१४(बी) मागे पडले. पण हे गृहीतक व्हिसाच्या अर्जाच्या वेळी लागू होते, तसेच प्रवेश मागतानाही लागू होते. कलमातच तसे लिहिलेले आहे. दर फेरीला अधिकारी तोच प्रश्न नव्याने विचारू शकतो आणि दर फेरीला उत्तर तुम्हालाच द्यायचे असते.

मग बदलले काय? २० जानेवारी २०२५ला निघालेल्या अध्यक्षीय आदेशाने परदेशी प्रवाशांची छाननी जास्तीत जास्त कडक करण्यास सांगितले. त्या सप्टेंबरपासून १४ वर्षांखालील मुलांना आणि ७९ वर्षांवरील वृद्धांना व्हिसाच्या मुलाखतीत मिळणारी सरसकट सूट गेली. विद्यार्थ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगण्यात आले. २६ डिसेंबर २०२५पासून अमेरिकी नागरिक नसलेल्या प्रवाशांचा चेहरा येताना-जाताना टिपण्याचा नियम लागू झाला, त्यातही वयाची सूट उरली नाही. पण काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा मूळ अधिकार मात्र जुनाच आहे. तो आता अधिक वेळा आणि अधिक काटेकोरपणे वापरला जातो, इतकेच. ऑगस्ट २०२३मध्ये, म्हणजे या सगळ्याच्या आधी, एकाच दिवशी एकवीसच्या आसपास भारतीय विद्यार्थी अमेरिकेच्या विमानतळांवरून परत पाठवले गेल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. त्यांच्याकडेही वैध व्हिसा होता.

गैरसमज एवढ्यावर थांबला असता तर हरकत नव्हती. पण व्हिसा असूनही प्रश्न विचारले जातात हे लक्षात आले, की लोक घाबरतात आणि एकमेकांना सल्ले देऊ लागतात. त्यांतला सर्वांत घातक सल्ला असा: "मुलीच्या बाळंतपणाला चाललो आहोत असं सांगू नका. नायगारा बघायला आलोय म्हणा." हा सल्ला देणाऱ्याला आपण केवढा धोका दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो आहोत याची कल्पना नसते, म्हणून जरा संतापूनच लिहितो. मुलीला, नातवाला भेटायला जाणे, बाळंतिणीजवळ राहणे हे पर्यटक व्हिसात बसते. पगार घेऊन काम करणे बसत नाही. "ते दोघे कामावर जाणार, सहा महिने बाळाला पूर्णवेळ आम्हीच सांभाळणार," असे उत्तर दिले तर अधिकारी आणखी प्रश्न विचारील, कारण पाळणाघराचे काम करायला आणलेला माणूस आणि भेटीला आलेली आजी यांत त्याला फरक करायचा असतो. पण त्या प्रश्नांना खरी उत्तरे आहेत. किती दिवस राहणार, कुणाकडे, परतीचे तिकीट कधीचे, पुण्याला घर आहे, पेन्शन आहे, दुसरा मुलगा इथेच आहे. ती द्यावीत.

खोटे बोललात तर प्रकरण वेगळ्या कलमात जाते. प्रवेशासाठी महत्त्वाच्या गोष्टीत जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर कलम २१२(ए)(६)(सी) खाली प्रवासी कायमचा अपात्र ठरू शकतो. पाच किंवा दहा वर्षांसाठी नव्हे, कायमचा. त्यातून सूट मागता येते, पण ती द्यायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर असते. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि फोनमध्ये मुलीच्या डॉक्टरने सांगितलेली तारीख असताना आजी नायगाऱ्याचे नाव घेते, तेव्हा खोटे पकडायला फारशी हुशारी लागत नाही.

अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, तर तो प्रवाशाला दुसऱ्या खोलीत पाठवतो. तिथून पुढे साधारण तीन वाटा फुटतात. बहुतेकांना प्रश्नोत्तरांनंतर आत सोडले जाते. काहींना प्रवेशाचा अर्ज मागे घेऊन स्वतःहून परत जाण्याची मुभा मिळते. ही मुभा देणे अधिकाऱ्याच्या हाती असते, पण मिळाली तर पुढचा रस्ता पूर्ण बंद होत नाही. तिसरी वाट तातडीच्या हद्दपारीची. १९९६च्या कायद्याने आलेल्या या प्रक्रियेत न्यायाधीशासमोर न नेताच परत पाठवता येते आणि साधारणपणे पाच वर्षे पुन्हा येता येत नाही. या टप्प्यावर वकील सोबत ठेवण्याचा हक्क परदेशी प्रवाशाला नाही. दुभाषा मात्र मागता येतो आणि मागावाच. हद्दपारीची प्रक्रिया सुरू झाली तर प्रश्नोत्तरे जबाब म्हणून लिहून घेतली जातात. तो जबाब वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही करायची असते. थकलेला, गोंधळलेला माणूस "यस, यस" म्हणत सही करतो आणि आपण काय कबूल केले हे त्याला घरी आल्यावर कळते. इंग्रजी येत नाही म्हणून परत पाठवतात, ही भीती निराधार आहे. पर्यटकाला इंग्रजी यायला हवे अशी अटच नाही. मोडके इंग्रजी बोलून चुकीचे उत्तर जाण्यापेक्षा "मराठी" असे स्पष्ट सांगितलेले केव्हाही बरे.

दहा वर्षांच्या व्हिसातूनच दुसरा घोटाळा होतो. व्हिसावरची अंतिम तारीख ही दारात प्रवेश मागण्याची मुदत असते. राहण्याची मुदत आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी पासपोर्टला पांढरे कार्ड टाचलेले असे. २०१३पासून विमानाने येणाऱ्यांची ही नोंद संगणकावर होते आणि बऱ्याच विमानतळांवर आता शिक्काही मारत नाहीत. त्यामुळे तारीख डोळ्यांसमोर येतच नाही. पर्यटकाला सर्वसाधारणपणे सहा महिने मिळतात, पण पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर त्याआधीचीही तारीख पडू शकते. घरी पोहोचल्यावर मुलाने पहिल्या दिवशी सीबीपीच्या संकेतस्थळावर पासपोर्टचा क्रमांक टाकून ती तारीख बघावी आणि फ्रिजवर लिहून ठेवावी. ती उलटून एक दिवस जरी राहिलात, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा कलम २२२(जी) प्रमाणे आपोआप रद्द होतो. मुदतीनंतर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडल्यास तीन वर्षे आणि वर्षभर किंवा जास्त राहिल्यास दहा वर्षे बंदी. खरेच जास्त राहावे लागणार असेल, कुणी आजारी पडले असेल, तर तारीख संपण्याआधी आय-५३९ अर्ज भरता येतो.

"सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे" हा हिशोबही कायद्यात कुठे लिहिलेला नाही. दोन फेऱ्यांत किती अंतर हवे याचा आकडा नाही. अधिकारी एकच गोष्ट पाहतो: हा माणूस भेटीला येतो आहे, की भेटीच्या नावाखाली इथेच राहतो आहे? मेक्सिकोत एक दिवस जाऊन नवे सहा महिने मिळवण्याची युक्ती याच कारणाने अंगाशी येऊ शकते.

ग्रीन कार्ड असलेल्या आई-वडिलांसाठी वेगळे सांगायला हवे, कारण त्यांच्याबाबतीत गैरसमज उलट दिशेचा आहे. पर्यटक नको इतका निर्धास्त असतो आणि कार्डधारक नको इतका लवकर हार मानतो. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त भारतात राहून परतल्यास कार्डधारकाकडे नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहिले जाऊ शकते आणि 'तुम्ही खरेच इथे राहता का' असा प्रश्न येतो. हिवाळा इथे काढणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांना २०२५च्या वसंतात या प्रश्नांना तोंड द्यावे लागले. काहींपुढे आय-४०७ फॉर्म ठेवला गेल्याच्याही बातम्या आल्या. त्या फॉर्मवर सही करणे म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क स्वेच्छेने सोडणे. सही करण्याची सक्ती नाही. नकार दिला तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशासमोर जाते आणि तिथे बाजू मांडता येते. काउंटरवरचा अधिकारी तो हक्क स्वतःच्या अधिकारात काढून घेऊ शकत नाही. विमानात बसण्यापूर्वी प्रत्येक कार्डधारक आई-वडिलांना हे मराठीत, दोनदा समजावून सांगा.

आता बाकीचे गैरसमज.

"प्रत्येकाचा फोन तपासतात." सीबीपीच्याच आकडेवारीनुसार २०२४च्या आर्थिक वर्षात सुमारे ४२ कोटी प्रवासी आले-गेले आणि साधारण ४७ हजार उपकरणे तपासली गेली, म्हणजे दहा हजारांमागे एक. विभागाच्या २०१८च्या निर्देशानुसार तपासणी फोनमध्ये साठवलेल्या माहितीची करायची असते, नेटवर्क बंद ठेवून. फोन उघडून द्यायला अमेरिकी नागरिकाने नकार दिला तर त्याचा प्रवेश अडत नाही, फोन मात्र जप्त होऊ शकतो. आपण परदेशी. आपला प्रवेशच नाकारला जाऊ शकतो.

"व्हीलचेअर घेतली की काही विचारत नाहीत." व्हीलचेअर ढकलणारा तुम्हाला त्याच काउंटरवर नेतो आणि प्रश्न तेच असतात. गुडघे दुखत असतील तर जरूर घ्या.

"दहा हजार डॉलरपेक्षा जास्त नेता येत नाहीत." अमेरिकेत कितीही नेता येतात, दहा हजारांपेक्षा जास्त असतील तर फॉर्म भरून सांगावे लागतात. मर्यादा आहे ती आपल्याकडून निघताना: पर्यटकाला एका फेरीला रोख नोटांच्या रूपात ३,००० डॉलर.

"घरचेच तर आहे, आंबे-तांदूळ न्यायला काय हरकत?" प्रवाशाच्या बॅगेतून दोन्ही चालत नाहीत. २००७पासून भारतातला आंबा अमेरिकेत जातो, तो लासलगावसारख्या केंद्रात विकिरण करून, व्यापारी मालाच्या रूपात. तांदळाचा बंदोबस्त खापरा भुंगेऱ्यामुळे. खाण्याचे जे काही आहे ते सांगून टाकले तर फार तर काढून घेतात. लपवले तर दंड.

"युरोपला जायला आता एटिआस काढावा लागेल." भारतीयांना नाही. तो व्हिसाविना जाणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्याला लागू आहे ती १२ ऑक्टोबर २०२५पासून २९ देशांत टप्प्याटप्प्याने सुरू झालेली ईईएस नोंदणी: शिक्क्याऐवजी संगणकात नोंद आणि चेहऱ्याचे छायाचित्र. बोटांचे ठसे शेंगेन व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात. १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशोब आता यंत्र ठेवते, त्यामुळे पुसट शिक्क्यांवर निभावून नेण्याचे दिवस संपले.

"एकदा आत नेऊन बसवले की नाव काळ्या यादीत जाते." तसे नाही. नावसाधर्म्य, अर्धवट नोंद, जुना पासपोर्ट क्रमांक, अशा कितीतरी साध्या कारणांनी प्रवाशाला बाजूला घेतले जाते. शाहरुख खानला २००९मध्ये न्यूअर्कला थांबवून ठेवले होते, तेव्हा त्याच्या बाबतीतही संगणकावर नाव झळकल्याचे कारण पुढे आले होते. दर वेळी असेच होत असेल तर गृहसुरक्षा खात्याची 'ट्रिप' नावाची तक्रार यंत्रणा आहे. अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यातून मिळालेला क्रमांक पुढच्या विमानाचे तिकीट काढताना भरायचा असतो, म्हणून तिकिटाच्या बऱ्याच आधी अर्ज करावा.