विश्लेषण : बंद झालेल्या स्टिकमध्ये हॉकीपटूंचा जीव का अडकतो?

अमेरिका-कॅनडातील नॅशनल हॉकी लीगचा (एनएचएल) सामना टीव्हीवर पाहा. बर्फावर सुसाट जाणाऱ्या खेळाडूच्या हातात यंदाच्या मॉडेलची स्टिक दिसते. रंग नवा, अक्षरे नवी, नावही नवे. पण रंगाच्या आतली स्टिक यंदाची असेलच असे नाही. दुकानांतून केव्हाच हद्दपार झालेल्या एखाद्या मॉडेलवर कंपनीने नवा रंग चढवून ती खेळाडूच्या हाती दिलेली असू शकते. खेळाडूला जुनीच हवी असते आणि कंपनीला नवी खपवायची असते, म्हणून हा मधला मार्ग. आइस हॉकीत तो इतका रुळलेला आहे, की त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. टीव्हीवर पाहून ३०० डॉलरहून अधिक मोजणाऱ्या ग्राहकाने मात्र म्हणायला हरकत नाही.

कोट्यवधी कमावणारे, हवी ती स्टिक फुकट मिळणारे हे खेळाडू बाजारातून गेलेल्या मॉडेलसाठी इतके अडून का बसतात?

जीव स्टिकवर की मॉडेलवर?

क्रिकेटपटूचा जीव एखाद्या विशिष्ट बॅटवर जडतो. प्रत्येक बॅट विलोच्या वेगळ्या फळीतून निघते. एकीसारखी दुसरी नसते. लाकडी स्टिकच्या काळात आइस हॉकीतही तसेच होते. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागातील मिकमाक या मूलनिवासी समाजाचे कारागीर एकोणिसाव्या शतकात झाडाच्या मुळाजवळच्या नैसर्गिक वळणातून स्टिक कोरत. पुढे अ‍ॅशचे लाकूड आले, मग लाकडाचे पातळ थर चिकटवून वर फायबरग्लास गुंडाळलेल्या स्टिक आल्या. तरीही डझनभर स्टिकमधून हाताला लागेल ती एखादी निवडावी लागे.

ईस्टन ही मुळात बाण आणि बेसबॉलच्या बॅटसाठी ओळखली जाणारी अमेरिकी कंपनी. तिने आधी अ‍ॅल्युमिनियमचा दांडा लोकप्रिय केला आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘सिनर्जी’ ही एकसंध कॉम्पोझिट स्टिक आणली. कार्बन तंतू आणि रेझिन साच्यात घालून केलेली ही स्टिक लाकडीपेक्षा बरीच हलकी होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका साच्यातली दहावी स्टिक जवळपास पहिलीसारखीच असे. २०१० च्या सुमारास एनएचएलमध्ये लाकडी स्टिक वापरणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

कॉम्पोझिट स्टिकचा दोष असा, की ती आधी सूचना न देता तुटते. लाकडी स्टिक हळूहळू मऊ पडते, खेळाडूला तिचे म्हातारपण हाताला कळते. कॉम्पोझिट आज धडधाकट असते आणि उद्या ऐन फटक्यात तिचे दोन तुकडे होतात. एनएचएलमधला खेळाडू एका हंगामात अशा कित्येक डझन स्टिक संपवतो. मग एका स्टिकवर जीव लावून चालेल कसे? तो साच्यावर, म्हणजे मॉडेलवर जडतो. जुना खेळाडू एक स्टिक तुटली की हळहळत असे. आजच्याला धास्ती असते ती मॉडेल बंद झाल्याच्या बातमीची.

हाताला नेमके काय पाठ होते?

आइस हॉकीतला जोरदार फटका म्हणजे ‘स्लॅप शॉट’. त्यात स्टिक थेट पकवर (काळी रबरी चकती) बसत नाही. ती पकच्या किंचित मागे बर्फावर आपटते, दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होताना त्यात साठलेली ताकद पकला मिळते. दांडा किती वाकतो हे ‘फ्लेक्स’च्या आकड्यावरून कळते. फ्लेक्स ८५ म्हणजे दांडा एक इंच वाकवायला ८५ पौंडांचा भार लागतो. तो कुठे वाकतो हा वेगळा प्रश्न. काही मॉडेले पात्याच्या जवळ वाकतात आणि मनगटाच्या झटक्याने चटकन पक सोडतात. काही मधोमध वाकतात आणि पूर्ण ताकदीच्या फटक्याला उपयोगी पडतात.

यात भर पात्याच्या वळणाची, दांडा आणि पात्यातल्या कोनाची, वजन हाताकडे आहे की पात्याकडे याची. कागदावर दोन मॉडेलांचे हे सारे आकडे सारखे असू शकतात. तरीही आतल्या कार्बनचे थर वेगळ्या दिशेने घातले असतील, तर पक पात्यावर आल्याची जाणीव वेगळी होते. फटका मारताना खेळाडूचे डोळे पकवर नसतात, ते गोलरक्षकाच्या खांद्यावरून दिसणाऱ्या फटीकडे असतात. पक केव्हा आणि किती उंचीवरून सुटणार हे हातच ठरवतो, आणि हाताने ते हजारो वेळा एकाच स्टिकवर गिरवलेले असते. नव्या स्टिकवर तोच फटका वीतभर वर गेला, तर पक गोलच्या खांबावर आदळतो. म्हणून याला नुसती अंधश्रद्धा म्हणता येत नाही. थोडी असतेच, पण मुळाशी सराव आहे.

पात्याच्या वळणाचा आग्रह तर कधी कधी थेट सामन्यावर येतो. हे वळण किती असावे याला नियमाची मर्यादा आहे. १९९३ च्या स्टॅन्ली कप अंतिम मालिकेतला दुसरा सामना. लॉस एंजेलिस किंग्ज मालिकेत १-० ने पुढे होते आणि या सामन्यातही २-१ ने आघाडीवर होते. शेवटची दोनेक मिनिटे उरली होती. माँट्रियलचे प्रशिक्षक जॅक डेमर्स यांनी पंचांना मार्टी मॅक्सॉर्लीची स्टिक मोजायला लावली. वळण मर्यादेबाहेर निघाले आणि मॅक्सॉर्लीला बाहेर बसावे लागले. माँट्रियलच्या एरिक देजार्दांने बरोबरी साधली, जादा वेळेत विजयी गोलही त्यानेच केला. पुढे माँट्रियलने मालिका ४-१ अशी जिंकली. हाताला बसलेली स्टिक सोडवत नाही, याची आइस हॉकीने मोजलेली ही बहुधा सर्वात मोठी किंमत असावी.

सगळेच असे असतात का?

नाही. वेन ग्रेट्झ्कीचे एडमंटनमधले सोनेरी दिवस ‘टायटन’ या फिनलंडच्या स्टिकशी जोडलेले आहेत. पण लॉस एंजेलिसला गेल्यावर काही काळाने त्याने ईस्टनची चंदेरी अ‍ॅल्युमिनियम स्टिक धरली आणि तिनेही गोल करत राहिला. दुसऱ्या टोकाला अ‍ॅल मॅकिनिस. सर्वात वेगवान फटक्याची एनएचएलची स्पर्धा त्याने सात वेळा जिंकली, शेवटची २००३ मध्ये, आणि तीही लाकडी स्टिकने. तोवर भोवतालचे खेळाडू कॉम्पोझिटकडे धावत सुटले होते.

चांगली स्टिक बंद का होते?

बहुतेक वेळा ती वाईट निघाली म्हणून नाही. मोठ्या कंपन्या साधारण दोनेक वर्षांनी प्रत्येक मालिकेचे नवे मॉडेल काढतात. मोबाइल फोनचे गणित इथेही चालते : जुने चांगले चालत राहिले, तर नवे घेणार कोण?

दुसरे कारण कंपन्यांची खरेदी-विक्री. टायटन, कोहो, जोफा आणि सीसीएम ही नावे एकाच समूहाकडे होती. तो समूह रीबॉकने २००४ मध्ये घेतला, रीबॉकला आदिदासने घेतले. या उलाढालीत सीसीएम टिकले, बाकीची नावे मागे पडली. ईस्टनचे तर २०१६ च्या जानेवारीत झाले. प्रतिस्पर्धी बॉअरच्या मूळ कंपनीने ईस्टनचा हॉकी व्यवसाय विकत घेतला आणि त्यानंतर ईस्टनच्या हॉकी स्टिक बाजारातून नाहीशा झाल्या. गंमत म्हणजे विकत घेणाऱ्या कंपनीनेच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले. ईस्टन गेली तरी ‘ई२८’ हे तिचे पात्याचे वळण मेले नाही. टोकाशी अधिक उघडणारे ते वळण आज ‘पी२८’ या नावाने दुसऱ्या कंपन्यांच्या स्टिकवर मिळते. मागणी असलेला गुण असा नाव बदलून जगतो. दांड्याची जाणीव मात्र साच्याबरोबर जाते.

एनएचएलच्या खेळाडूसाठी कंपनी जुना साचा चालू ठेवू शकते. क्लबात खेळणाऱ्या नोकरदाराला ती सोय नाही. तो जुन्या मालाच्या शोधात फिरतो, एकाऐवजी चार घेऊन माळ्यावर ठेवतो. ‘प्रो स्टॉक’ नावाचा वेगळा बाजारही आहे. व्यावसायिक खेळाडूंसाठी बनवलेल्या पण खेळाडू दुसऱ्या संघात गेल्याने किंवा हंगाम संपल्याने उरलेल्या स्टिक तिथे विकल्या जातात. घेणारा रंगाकडे पाहत नाही. आत कुठले मॉडेल आहे, एवढेच विचारतो.

आपल्या मैदानी हॉकीत काय?

आपल्याकडे हॉकी म्हणजे गवतावरची, आणि आता टर्फवरची. तिच्या स्टिकचाही प्रवास लाकडाकडून कॉम्पोझिटकडेच झाला. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधरला हा धंदा उभा केला. तुतीचे लाकूड वाफवून वाकवायचे, असे त्याचे तंत्र. त्या काळी गठ्ठा सोडून एकेक स्टिक हातात तोलून पाहणे हाही खेळाचाच भाग होता.

इथे मॉडेल नाहीसे होण्याला आणखी एक कारण आहे : नियम. दांड्याला किती बाक असावा याची मर्यादा आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने २००६ मध्ये ५० मिलिमीटरवरून २५ वर आणली. जास्त बाकामुळे ड्रॅग फ्लिकमध्ये चेंडूला वेग मिळतो, आणि प्रश्न सुरक्षिततेचाही होता. त्यामुळे काही मॉडेले नुसती बंद झाली नाहीत, मैदानावर चालेनाशी झाली. अशी स्टिक जपून ठेवली तरी सामन्यात काढता येत नाही.

अर्थात आवडीचे मॉडेल असणे हीच मुळात सुबत्तेची गोष्ट. खडकीच्या धनराज पिल्लेने लहानपणी मोडक्या स्टिक बांधून, जोडून हॉकी खेळली. तो पुढे चार ऑलिम्पिक खेळला.

आणि लडाखमध्ये?

भारतातील आइस हॉकीचे घर लडाख. तिथे लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून खेळ सुरू झाला आणि पुढे बराचसा देणगीच्या साहित्यावर वाढला. चार ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकलेली कॅनडाची हेली विकेनहायझर २०१८ मध्ये लेहला आली, तीही साहित्य घेऊन. २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. त्या संघात लडाखच्या मुलींचा भरणा होता.

देणगीत येते ते वापरलेले किंवा शिल्लक राहिलेले साहित्य, म्हणजे इकडे पोहोचेपर्यंत तिकडे बहुधा बंद झालेले मॉडेल. शिवाय स्टिक मोठ्यांच्या मापाची असली तर ती वरून कापावी लागते, आणि कापली की दांडा ताठर होतो. ८५ फ्लेक्सची स्टिक चार इंच कापली तर ती जवळपास शंभरसारखी वागू लागते. पन्नास किलोच्या मुलीला ती वाकवायला सगळे वजन घालावे लागते. सरावाने तेही जमते, हात त्या स्टिकवर बसतो. ती तुटली की पुढच्या देणगीत तेच मॉडेल येईल, याची खात्री नसते.