वानगी दाखवता, तशीच स्लाइड दाखवा

हिंगोलीच्या मार्केट यार्डात किंवा वसमतच्या मोंढ्यात हळदीचा खरेदीदार ढिगासमोर उभा राहतो, तेव्हा तो काय करतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो, नाकाशी धरतो आणि मगच भावाचे बोलतो. मालधनी त्या वेळी भाषण करीत नाही. विचारले तेवढे सांगतो. बाकीचे काम वानगी करते.

पण हाच व्यापारी बाहेरगावच्या कंपनीकडे, बँकेच्या साहेबांकडे किंवा भांडवल घालू इच्छिणाऱ्या भागीदाराकडे जातो, तेव्हा त्याला सांगितले जाते, “प्रेझेंटेशन घेऊन या.” म्हणजे संगणकावर काही स्लाइड तयार करून त्या पडद्यावर दाखवायच्या आणि आपला धंदा समजावून सांगायचा. इथे आपले अनेक बांधव गोंधळतात. आम्हीही गोंधळलो होतो. ती हकीकत आधी सांगतो.

आमची फजिती

काही वर्षांपूर्वी हळद पावडरची वानगी घेऊन आम्ही एका मोठ्या शहरातील खरेदीदाराकडे गेलो. सोबत एका टायपिंग सेंटरवर करून घेतलेल्या बावीस स्लाइड होत्या. आजोबांच्या काळापासूनचा दुकानाचा इतिहास, हळदीचे औषधी गुण, सगळे त्यात भरले होते. तिथल्या संगणकावर फाइल उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसू लागली. घाईघाईने इंग्रजी स्लाइडवर आलो, तर अक्षर इतके बारीक की पडद्याकडे तोंड व खरेदीदाराकडे पाठ करून आम्ही ते वाचू लागलो. पाच मिनिटांनी तो म्हणाला, “शेठ, हे सगळं राहू द्या. माल कुठंय?” आम्ही पुडी दिली. त्याने पांढऱ्या कागदावर पावडर ओतली, बोटाने चोळली आणि दोनच प्रश्न विचारले: महिन्याला किती देणार, आणि तपासणीचा दाखला आहे का? या दोन गोष्टी आमच्या बावीस स्लाइडमध्ये कुठेच नव्हत्या. सौदा झाला नाही. त्या हंगामाचा माल नंतर कमी भावात काढावा लागला.

दोष मालाचा नव्हता. दाखवण्याच्या पद्धतीचा होता.

चित्र दाखवणे आणि बोलणे

पडद्यावर चित्र दाखवून सांगण्याची कला मराठी माणसाला नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर पडत आणि निवेदक गोष्ट सांगे. आज वापरला जाणारा पॉवरपॉइंट हा संगणकीय कार्यक्रम १९८७ साली आला. साधन बदलले, पण मूळ गोष्ट तीच आहे. चित्र पडद्यावर असते आणि गोष्ट माणसाच्या तोंडी असते. सगळी गोष्ट पडद्यावर लिहून टाकली, तर माणसाचे कामच उरत नाही.

आधी कागद, मग संगणक

संगणकासमोर बसण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहा: समोरच्याने उठताना काय ठरवावे, अशी आपली इच्छा आहे? “दर महिन्याला आमच्याकडून दहा क्विंटल पावडर घ्यावी,” हे असे वाक्य झाले. या वाक्याला मदत न करणारी प्रत्येक गोष्ट गाळा. आजोबांचा इतिहास चहा घेताना सांगता येईल.

हळद पावडर विकणाऱ्यास सात स्लाइड पुरतात.

१) आपले नाव, गाव, माल आणि एक स्वच्छ फोटो.
२) मोडलेल्या हळकुंडाचा जवळून घेतलेला फोटो. यार्डात खरेदीदार जे पाहतो, तेच इथे दाखवायचे.
३) माल कसा तयार होतो: शिजवणे, वाळवणे, पॉलिश, दळणे. चार फोटो, प्रत्येकाखाली एक शब्द.
४) शुद्धतेचा पुरावा: अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक आणि प्रयोगशाळेचा दाखला. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा विषारी रंग लावण्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून जाणकार खरेदीदार हा दाखला प्रथम मागतो.
५) पुरवठा: महिन्याला किती, कोणत्या महिन्यांत, कोणत्या पॅकिंगमध्ये.
६) भाव, गाडीभाडे कोणाचे, पैसे किती दिवसांत.
७) आपली मागणी आणि फोन नंबर.

बँकेत जायचे असेल तर पाचव्या-सहाव्या जागी यंत्राची किंमत, स्वतःचे भांडवल आणि महिन्याचा खर्च व उत्पन्न ठेवा. व्याज टाळून भागीदारीत भांडवल घेणाऱ्यांनी नफ्याची वाटणी कोणत्या प्रमाणात आणि तोटा भांडवलाच्या प्रमाणात, हे एका स्लाइडवर स्पष्ट लिहावे. पुढचे भांडण तिथेच मिटते.

कारागीर बांधवांना तर तीन-चार स्लाइडही बस्स होतात. हळद शिजवण्याचे कुकर किंवा पॉलिशचे ड्रम बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याने यंत्राचा फोटो, पत्र्याची जाडी, एका वेळी किती माल बसतो आणि किंमत एवढे मोबाइलवर दाखवले तरी शेतकऱ्याला पुरेसे कळते.

स्लाइड कशी असावी?

एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवा. ओळी पाच-सहापेक्षा जास्त नकोत. अक्षराचा आकार २८ च्या खाली नेऊ नका. फिक्या पार्श्वभूमीवर गडद अक्षर सर्वांत चांगले दिसते. पिवळ्यावर पांढरे लिहिले तर पडद्यावर काहीच दिसत नाही. तयार झाल्यावर संगणकापासून चार पावले मागे जाऊन पाहा. तिथून वाचता आले नाही, तर अक्षर वाढवण्यापेक्षा मजकूर कमी करा.

आकड्यांचा मोठा तक्ता टाकू नका. ओली हळद शिजवून वाळवली की साधारण पाचवा हिस्सा हाती लागतो. हे वीस रकान्यांत मांडण्यापेक्षा पाच क्विंटलचा एक उंच खांब आणि शेजारी एक क्विंटलचा छोटा खांब काढा. वाळक्या हळदीचा भाव जास्त का, ते एका नजरेत समजते. अक्षरे उडवणाऱ्या, फिरवणाऱ्या करामती मात्र टाळा.

अक्षरांची खिचडी का होते?

आमच्या फजितीचे तांत्रिक कारण साधे होते. जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट ज्या संगणकावर असतात, तिथेच नीट दिसतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या; मंगल, निर्मला, नोटो हे फॉन्ट त्यातले आहेत. शिवाय फाइलची पीडीएफ प्रत काढून ठेवा. तिच्यात अक्षरे फाइलबरोबरच जातात. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो पुसट होतात. एक प्रत पेनड्राइव्हमध्ये, एक मोबाइलमध्ये आणि पाच प्रती कागदावर छापून जवळ ठेवा. वीज गेली तरी कागद कामाला येतो.

बोलण्याची तयारी

स्लाइड वाचून दाखवू नका. समोरच्याला वाचता येते. फोटो दाखवा, त्याच्याकडे तोंड करून दोन वाक्ये बोला आणि थांबा. दहा मिनिटांत संपवा. आदल्या दिवशी घरात मुलाबाळांसमोर दोनदा बोलून पाहा. जिथे ते विचारतील, “म्हणजे काय?” तिथे दुरुस्ती करा. आणि खरी वानगी बरोबर न्यायला विसरू नका. दुसऱ्या स्लाइडच्या वेळीच ती त्याच्या हातात द्या.

वर कोरडे, खाली ओले नको

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले आणि त्यांनी आत हात घातला. आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाने भिजल्याचे सांगितले. तेव्हा ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, अशी सक्त ताकीद दिली. स्लाइड हाही एक ढीगच आहे. फोटोचा पिवळा रंग संगणकावर वाढवणे, दुसऱ्याच्या कारखान्याचे चित्र आपले म्हणून लावणे, महिन्याला चार क्विंटलची ताकद असताना दहा लिहिणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणे होय. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या जिल्ह्याला अभिमानाची बाब आहे. पण ते नाव पाकिटावर व स्लाइडवर लावण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती झाल्याशिवाय ते लावू नये.

मालात काही उणीव असेल तर ती स्लाइडवर स्वतःच सांगा. “या वर्षी पावसामुळे आमच्या काही मालाचा रंग कमी आहे, त्याचा भाव वेगळा,” असे सांगणाऱ्याकडे खरेदीदार पुढच्या हंगामातही येतो. त्या फजितीनंतर आम्ही सात स्लाइड केल्या आणि त्यांतली एक अशी ठेवली. पहिली मोठी ऑर्डर देताना खरेदीदाराने नेमकी तीच स्लाइड पुन्हा दाखवायला सांगितली. रोजी देणारा अल्लाह आहे. माल नीट मांडणे आणि खरे सांगणे एवढे आपल्या हाती आहे.